सतरा नाही, माहीत नाही

मी वाचायला शिकले ती पत्रकांवर. माझे वडील, ज्यांना आम्ही अण्णा म्हणतो, शहरातल्या औरंगपुरा भागात एका छापखान्यात मशिनवर होते. शाई पसरलेले, तिरके कापले गेलेले, जास्तीचे निघालेले कागद ते घरी आणत. फळीवर डब्यांखाली पत्रकं, कपाटात कपड्यांखाली पत्रकं आणि पाठकोऱ्या बाजूवर माझा गृहपाठ. एका बाजूला माझी वजाबाकी, दुसऱ्या बाजूला ‘जाहीर आवाहन’. जोडाक्षरं मला ‘संघर्ष’ आणि ‘हक्क’ या शब्दांनी शिकवली. दुसरीत असताना ‘माझी शेळी’ या निबंधात मी प्रत्येक वाक्यानंतर उद्गारचिन्ह दिलं होतं. बाईंनी विचारलं, “अगं, तुझी शेळी एवढी चिडलीय कशानं?”

पत्रकाच्या बाजूनं मी आजही भांडायला तयार असते. पुस्तक विकत घेणारा माणूस आधीच अर्धा पटलेला असतो. पत्रक अनोळखी माणसाच्या हातात जातं, आणि ते चुरगाळायचं की नाही एवढं ठरवायलाच त्याच्याकडं वेळ असतो. तेवढ्यात त्याला थांबवायचं असतं. म्हणूनच त्यात खोटं घुसायला जागाही भरपूर असते, आणि म्हणूनच अण्णांचा एक नियम होता. चूक ज्या हातांत दिली, दुरुस्ती त्याच हातांत द्यायची, आणि ती आपण स्वतः जाऊन द्यायची.

हा नियम मी लहानपणी पाहिला आहे. अण्णांनी एकदा वस्तीतल्या रेशन दुकानदाराविरुद्ध पत्रक काढलं होतं की आलेलं रॉकेल त्यानं परस्पर विकलं. नंतर कळलं, त्या महिन्यात रॉकेल वरूनच आलं नव्हतं. अण्णांनी दुसरं छोटं पत्रक छापलं आणि ज्या ज्या दारात पहिलं गेलं होतं त्या त्या दारात ते घेऊन गेले. सगळ्यात आधी दुकानदाराकडं. परत आल्यावर आईनं विचारलं, “काय म्हणाला?”

“बसा म्हणाला नाही,” अण्णा म्हणाले. “पण वाचलं त्यानं. दोनदा.”

तीन उन्हाळ्यांपूर्वी हा नियम माझ्या गळ्यात पडला. तोही एका किड्यामुळं.

मे महिना संपत आला होता. कॉलेजातल्या एका मित्रानं मला त्याच्या गावी बोलावलं. गाव देवगाव रंगारीपासून थोडं आत आहे. गावाच्या वरच्या अंगाला गायरानाचा माळ आहे. अर्धा माळ उघडा, नुसता मुरूम. उरलेल्या अर्ध्यावर, उताराला, झाडी: धावडा, सलई, पळस, कडुनिंब, मध्येच एखादं मोहाचं झाड. या साऱ्या माळावर सौर प्रकल्प यायचा होता, झाडी तोडून. तसा ठराव ग्रामसभेपुढं येणार होता आणि मित्राला त्याच्याविरुद्ध पत्रक हवं होतं.

सौर प्रकल्पाला माझा विरोध नव्हता. त्या गावाला शेतीची लाईट रात्रीची मिळते. अंधारात, साप-विंचवांतून पाणी द्यायला जाणाऱ्या माणसाला दिवसा लाईट हवी असेल तर त्याला अडवणारी मी कोण? पण अर्धा माळ उघडा पडलेला असताना झाडीवर कुऱ्हाड कशाला? कागदावर उत्तर तयार होतं: तोडलेल्या एका झाडामागं दहा झाडं लावू. ती दहा झाडं मी शहरात रोज बघते. लोखंडी पिंजऱ्यात एक वाळलेली काडी आणि पिंजऱ्यावर झाडापेक्षा मोठी पाटी. गावात उतरले तेव्हाच माझं डोकं तापलेलं होतं.

दुपारी आम्ही झाडीत शिरलो आणि मित्राचं बोलणं मला ऐकू येईना. धार लावणाऱ्याच्या चाकावर एकाच वेळी शंभर सुऱ्या धराव्यात तसा आवाज. तो कुठून येतोय तेच समजत नव्हतं. डावीकडून म्हणावं तर उजवीकडून, वरून म्हणावं तर छातीतून.

“रातकिडे?” मी ओरडून विचारलं.

“दिवसाढवळ्या कुठले रातकिडे? सिकाडा म्हणतात ह्याला. गावात नुसतं किडे म्हणतात.”

मी एक किडा शोधायला निघाले. ज्या झाडाजवळ जावं ते झाड गप्प व्हायचं आणि शेजारचं दुप्पट जोरानं सुरू व्हायचं. तिकडं गेलं की ते गप्प, आणि मागचं पुन्हा सुरू. अर्धा तास मी त्या झाडीत भोवऱ्यासारखी फिरले. एका धावड्याखाली मनगटावर बारीक थेंब पडले. वर आभाळ कोरडं ठणठणीत. मी तोंड वर करून बघतच राहिले, तोंडावरही पडले.

मित्र हसून हसून खाली बसला. “अगं, मुतले ते तुझ्यावर!”

ते खरं होतं. किडा झाडाचा रस ओढतो आणि नको असलेलं पाणी बाहेर टाकतो. पण त्या थेंबांमुळंच मला तो दिसला, कारण मी थेंब जिथून आले तिथं बघत होते. सालीसारखाच रंग, अंगठ्याएवढं अंग, छपरासारखे मिटलेले पंख, आणि डोक्याच्या दोन टोकांना दोन डोळे. पोटाच्या बाजूला काहीतरी थरथरत होतं. तो ओरडत नव्हता, तो वाजत होता. ओरडायला तोंड लागतं. याच्या पोटाशी दोन ताणलेले पडदे असतात आणि ते आत-बाहेर होऊन हा आवाज येतो. वाजतो फक्त नर. माद्या ऐकतात.

दिवेलागणीच्या सुमाराला मित्रानं मला जमिनीतली भोकं दाखवली. बोट जाईल एवढी, गोल, कुणीतरी पहारीनं पाडल्यासारखी. त्यातल्या एकातून मातीनं माखलेलं, वाकड्या पायांचं काहीतरी बाहेर आलं आणि चालत जाऊन कडुनिंबाच्या खोडावर चढू लागलं. माझ्या कमरेएवढ्या उंचीवर ते थांबलं. पाय रोवले. मग त्याची पाठ उभी उलली आणि आतून फिकट पोपटी रंगाचा, ओला, मऊ जीव मागं झुकत बाहेर आला. पंख चुरगाळलेले होते. घडी घातलेलं पत्रक कुणीतरी सावकाश उलगडावं तसे ते उघडत गेले. खोडावर रिकामी कात राहिली, डोळ्यांसकट, नखांसकट.

मी शहरात वाढलेली मुलगी. इतका वेळ एकाच गोष्टीकडं मी तोवर कधी पाहिलं नव्हतं.

घरी येऊन मी मोबाईलवर शोधलं आणि एका वाक्यानं मला पकडलं: हा कीटक सतरा वर्षं जमिनीखाली राहतो. सतरा! मी आणखी काही वाचलंच नाही. पत्रक एका बैठकीत झालं. त्यातली ही ओळ मला फार आवडली होती, म्हणून पाठच आहे: ‘जो जीव सतरा वर्षं अंधारात एका उन्हाळ्याची वाट पाहतो, त्याच्या डोक्यावर तुम्ही सिमेंटचे खांब रोवणार काय?’

अण्णांनी छापण्याआधी वाचलं. चष्म्यावरून माझ्याकडं पाहिलं.

“सतरा कुठून आणलंस?”

“वाचलंय, अण्णा.”

“कुठं?”

“मोबाईलवर.”

त्यांनी ती ओळ पुन्हा एकदा वाचली आणि मशिन सुरू केलं. तिथं थांबायला हवं होतं, असं ते पुढं अनेकदा म्हणाले. पण ओळ त्यांनाही आवडली होती.

देवगाव रंगारीच्या आठवडी बाजारात मी आणि मित्रानं पाचशे पत्रकं वाटली. त्या ओळीनं काम केलं. मिरच्यांच्या ढिगामागं बसलेला माणूस ती शेजाऱ्याला मोठ्यानं वाचून दाखवत होता. ग्रामसभेत हात वर करणारी बरीचशी माणसं या बाजारात येतात, आणि ती आमच्या बाजूला झुकताना मला डोळ्यांनी दिसत होती. एक म्हातारा म्हणाला, “आयला, सतरा वर्सं! एवढा दम तर माझ्या जावयाला बी नाय.” संध्याकाळपर्यंत पोरं ‘सतरा वर्षं, सतरा वर्षं’ ओरडत बाजारभर पळत होती.

बाजार उठताना एक बाई माझ्यापुढं येऊन उभी राहिली. साठीच्या आसपास, हातात काठी, दुसऱ्या हातात घडी घातलेलं आमचं पत्रक. त्या मित्राच्याच गावच्या. त्यांच्या शेळ्या त्याच माळावर चरतात. पुढं मी त्यांना मावशी म्हणू लागले, म्हणून इथंही तेच म्हणते.

“हे तूच लिवलंस व्हय?”

“हो.”

“नातीनं वाचून दावलं. लई ग्वाड लिवलंय.”

मी खूश झाले.

“पर सतरा वर्सं जिमिनीत ऱ्हातंय म्हणतीस, मग दरसाल कोण बोंबलतंय गं?”

मला याचं उत्तर येत होतं. “मावशी, दरवर्षी वेगळी तुकडी बाहेर येते. प्रत्येकाची सतरा वर्षं वेगवेगळ्या साली पुरी होतात.”

“असं व्हय.” त्यांनी विचार केला. “मग माझ्या लिंबाचं काय?”

कडुनिंबाला आमच्याकडं लिंब म्हणतात. मावशींचा लिंब कुठला, तो सतरा वर्षांच्या आड कसा येतो, हे मला तिथं समजेना. “उद्या ये,” त्या म्हणाल्या, “दावते.”

दुसऱ्या दिवशी मी गेले. लिंब झाडीत नव्हता, उघड्या माळाच्या मधोमध एकटा उभा होता. सगळ्यात जवळचं दुसरं झाड गोफणीचा दगडही पोचणार नाही इतकं लांब. त्याच्या खोडावर काती होत्या. जुन्या, करड्या पडलेल्या आणि काही ताज्या.

“नात झाली त्या सालचा हा लिंब,” मावशी म्हणाल्या. “शेळ्यांना सावली नव्हती इथं. पहारीनं मुरूम फोडला, खाली लेंड्या टाकल्या, वर गाळाची माती टाकली. नात आता सहावीला हाय.”

“आणि काती?”

“पयल्या दिसल्या तवा ती तिसरीला होती. कानातले करते म्हणून दोन घेऊन गेली शाळेत. बाईनं मारलं.”

मी बोटांवर हिशोब केला. तिसरीतली मुलगी आठ वर्षांची. म्हणजे लिंबही तेव्हा आठ वर्षांचा. आठ वर्षांच्या झाडाखालून सतरा वर्षांचा किडा कसा निघेल?

मी सहजासहजी हार मानत नाही. “दुसऱ्या झाडांच्या मुळांवरून चालत आले असतील, मावशी.”

“मुरमातून?” त्यांनी काठी जमिनीवर आपटली. ठण्ण आवाज आला. “माझी पहार वाकली हितं, पोरी. त्याची नखं काय लोखंडाची हायेत?”

शहरात परतताना एसटीत मी ते पान पुन्हा उघडलं आणि या वेळी पहिल्या ओळीपासून शेवटापर्यंत वाचलं. सतरा वर्षांचा सिकाडा आहे. तो समुद्रापलीकडच्या देशातला आहे, तोही तिथल्या मोजक्या जातींतला. आपल्याकडच्या या सालीच्या रंगाच्या किड्याबद्दल मी चार दिवस शोधलं. त्याचं चित्र सापडलं, लांबलचक शास्त्रीय नाव सापडलं. तो जमिनीत किती वर्षं काढतो हे मात्र मला कुठंच सापडलं नाही.

लाज वाटलीच. पण खरं सांगायचं तर लाजेपेक्षा दुसरंच काहीतरी मोठं होतं. दर मे महिन्यात कानठळ्या बसवणारा जीव, शेकडो वर्षं लोकांच्या डोक्यावर वाजतोय, आणि त्याचं वय कुणाला माहीत नाही? मग माहीत कसं करून घ्यायचं? जमीन खणून? खणलं तर तो मरतो. वर बसून वाट बघायची तर कुणाची, त्यातला कोण कधी आत गेला हे कसं कळणार? मी जेवताना हेच बोलायचे. आई म्हणाली, “आधी मोर्चाचं बोलायचीस ते बरं होतं.”

मित्राला सांगितलं तेव्हा तो चिडला. ग्रामसभा दहा दिवसांवर होती.

“कुणाच्या लक्षात आलंय का?”

“मावशींच्या.”

“त्या आपल्याच बाजूच्या आहेत. सतरा काय न् सात काय, झाडी वाचली पाहिजे. ग्रामसभा झाल्यावर काढ ना दुरुस्ती, कोण अडवतंय?”

“ग्रामसभा झाल्यावर त्या दुरुस्तीचा उपयोग काय?”

“अगं पण तेच सांगतोय! आत्ता काढलीस तर त्यांचा उपयोग होईल.”

त्याचं म्हणणं मूर्खपणाचं नव्हतं. खोटं बोलून जिंकलेले लोक मी कमी पाहिलेले नाहीत, आणि खरं बोलून हरलेल्यांच्यात तर मी वाढले. झाडी तुटली असती तर दोष माझ्या दुरुस्तीला गेला असता आणि तो योग्यच असता. पण दहा झाडांचं आश्वासन देणाऱ्यांना मी खोटारडे म्हणत होते. मग माझ्या पाचशे कागदांवरच्या सतराला काय म्हणायचं?

मी अण्णांकडं गेले. त्यांनी सगळं ऐकलं. एकच प्रश्न विचारला.

“कुणाच्या हातांत दिलं होतंस?”

“बाजारात.”

“मग बाजारात जावं लागेल.”

दुरुस्तीचा मजकूर मी लिहिला तसा अण्णांनी वाचला आणि पेन मागितला. “उद्गारचिन्हं काढ. आपली चूक ओरडून सांगायची नसते.” मग उरलं ते एवढंच: ‘मागच्या पत्रकात हा किडा सतरा वर्षं जमिनीखाली राहतो असं मी लिहिलं होतं. ते चूक आहे. तो किती वर्षं राहतो हे मला माहीत नाही. आपल्याला माहीत असल्यास कृपया सांगावे.’ खाली माझं नाव. पांढऱ्या कागदावर, तळहाताएवढं.

पुढच्या बाजाराला मी एकटीच गेले. मित्र आला नाही. मागचे चेहरे आठवून आठवून कागद देत गेले. मिरचीवाल्यानं वाचलं आणि परत माझ्याकडं दिला. “पयला कागद झ्याक होता. ह्याच्यात काय दम नाय.” भजीवाली म्हणाली, “एवढ्याशा कागदात चार भजी बी मावत नाय, मोठा छापायचा की.” पोरांना सांगितलं की सतरा नाही, तर ती ‘माहीत नाही, माहीत नाही’ ओरडत पळाली.

मग वेगळंच काही सुरू झालं. जावयाची चेष्टा करणारा म्हातारा कागद घेऊन परत आला. “तीन वर्सं,” तो म्हणाला. “आमच्या बांधावर एक साल लई असतात, मग दोन साल कमी.” शेजारचा कांदेवाला म्हणाला, “काय बी सांगू नका काका, पाच. मोठ्या दुष्काळात एक बी वाजला नव्हता, त्याच्या पाचव्या साली कान फुटायची पाळी आली.” दोघांची जुंपली. एका बाईनं सांगितलं, नांगरताना ढेकळात पांढरी पिल्लं निघतात, लहान-मोठी मिसळून, म्हणजे सगळी एका वयाची नसतात. मी उरलेल्या कागदांच्या पाठीवर लिहून घेत होते. मागच्या बाजारात लोक माझी ओळ मला ऐकवत होते. या वेळी मी बोलतच नव्हते.

ग्रामसभा शाळेच्या पटांगणात, सकाळी भरली. सरपंच बोलण्यात तयार. त्यांनी माझे दोन्ही कागद वर धरले.

“ताई, पयल्या कागदात सतरा. दुसऱ्यात माहीत नाही. तिसऱ्यात काय, किडाच नाही?”

पटांगण हसलं. मित्र माझ्यापासून चार माणसं सोडून बसला होता, तो खाली बघत होता.

“बरोबर आहे,” मी म्हणाले. “चूक माझी होती.” आणि मग मी मावशींच्या लिंबाचं सांगितलं. आठ वर्षांच्या झाडाखालच्या काती, म्हणजे किडा आठ वर्षांच्या आतच बाहेर येतो. हे सांगताना मला एवढा आनंद होत होता की मी कुणाच्या हातात काय देतेय हे मला कळलंच नाही. सरपंचांना कळलं.

“मंजे नव्या झाडाखाली बी येतात की! मग काय अडचण? ही तोडू, दुसरीकडं नवी लावू, तिथं येतील.”

मी बाजारात लिहून घेतलेले कागद उलटेपालटे करू लागले.

मागून मावशींचा आवाज आला. “सरपंच, माझ्या लिंबावर ते आले कुठून?”

“मला काय ठाऊक?”

“त्या झाडीतून आले. मी बघितलंय उडत येताना. ती झाडी तोडल्यावर नव्या झाडांवर कुठून आणणार, देवगावच्या बाजारातून? किलोनं?”

या वेळी हसणं दुसऱ्या बाजूनं आलं. एक तरुण शेतकरी मात्र उठून उभा राहिला. तो हसत नव्हता. “किड्यासाठी आम्ही रात्रीचं पाणी धरायला जायचं का? माझा भाऊ साप चावून मेला.”

मग मी म्हणाले, “नाही. लाईट हवीच. उघडा माळ घ्या ना.” त्यावर उघड्या माळावर सौर पट्ट्या किती बसतील, किती कमी पडतील, यावर तासभर वाद झाला. शेवटी सरपंच मावशींकडं वळले. त्यांच्या आवाजात आता चेष्टा नव्हती.

“मावशी, उघडा माळ दिला तर तुमचा लिंब जाईल. तो बरोबर मधी हाय.”

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. त्या लिंबावर मी एवढं बोलले होते आणि तो कुठं उभा आहे हे विसरले होते. मावशींनी पदर खांद्यावर ओढला.

“जाऊ द्या,” त्या म्हणाल्या. “झाडी ऱ्हाऊ द्या.”

हात वर झाले. सगळ्यात पहिला त्यांचाच होता.

प्रकल्प लहान झाला. गावातले काही लोक अजून मला पाहिलं की म्हणतात, तुझ्या किड्यांनी आमच्या पट्ट्या खाल्ल्या. सतराच ठेवलं असतं तर अख्खा माळ वाचला असता का, की सगळंच गेलं असतं, हे मला माहीत नाही. मित्र काही महिने बोलत नव्हता, आता बोलतो.

लिंब हिवाळ्यात तोडला. मी गेले नाही, मला धीर झाला नाही. मावशी गेल्या होत्या. पाला शेळ्यांना घातला, एवढंच त्यांनी सांगितलं.

पुढच्या मे महिन्यात त्यांचा फोन आला. “ये. बघून जा.”

प्रकल्पाला तारेचं कुंपण झालं होतं. राखणदार गावातलाच. “या या, किड्यांचे पाहुणे,” म्हणत त्यानं फाटक उघडलं. निळ्या-काळ्या पट्ट्यांच्या रांगांमध्ये लिंबाचा बुंधा होता, गुडघ्याएवढा, कडेनं हिरवे फुटवे फुटलेले. फुटवे वीतभर झाले की राखणदार छाटतो, पट्ट्यांवर सावली पडू नये म्हणून. आणि बुंध्याच्या भोवती पट्ट्यांचे जे लोखंडी पाय रोवलेले होते, त्या पायांवर काती होत्या. चकचकीत लोखंडाला नखं रोवून बसलेल्या, पाठी उललेल्या. झाड गेलं तरी मुळं जिवंत होती, आणि मुळांवरची पिल्लं आपापल्या वेळी वर आली होती. खोड सापडलं नाही म्हणून जे उभं दिसलं त्यावर चढली.

मी काती जवळून बघायला खाली वाकले. जो प्रश्न मी जेवताना आईला विचारत होते, त्याचं उत्तर काढायची रीत समोर उभी होती. मादी कोवळ्या फांदीत चीर पाडून अंडी घालते. पिल्लू फुटून खाली पडतं आणि मातीत शिरतं. इथं आता फुटवेही छाटले जातात, फांदी उरतच नाही, म्हणजे नवं पिल्लू आत जाणार नाही. जे आत आहेत ते सगळे लिंब उभा होता तेव्हाचे. दरवर्षी काती मोजायच्या. ज्या वर्षी शेवटची कात सापडेल, त्या वर्षी कळेल.

मावशींना समजावून सांगितलं तर म्हणाल्या, “ते मला कळलंय. म्हणून तर बोलावलं.”

पहिल्या उन्हाळ्यात एक्केचाळीस काती. मोजलेली प्रत्येक कात आम्ही काढून डब्यात ठेवतो, पुन्हा मोजली जाऊ नये म्हणून. गेल्या वर्षी सव्वीस. म्हणजे निदान दोन वर्षं. या वर्षी मी गेले तोवर नऊ होत्या, म्हणजे निदान तीन. तीनपेक्षा कमी नाही, आठपेक्षा जास्त नाही. बाजारातला म्हातारा आणि कांदेवाला, दोघंही अजून शर्यतीत आहेत. मुळं अर्धमेली असतील तर पिल्लं उपाशी मरत असतील, लवकर वर येत असतील, असाही एक संशय आहेच. तोही मी वहीत लिहून ठेवलाय.

या वर्षी अण्णा सोबत आले. आता ते रोज छापखान्यात जात नाहीत, पण मशिन अजून त्यांच्याच हाताला वळतं. त्यांनी एक कात तळहातावर घेतली, पुन्हा पुन्हा खालीवर केली. “वजनच नाही,” म्हणाले. मग विचारलं, “छापायचं?”

“अजून येताहेत, अण्णा.”

“मग थांबू.”

समोरच्या झाडीत शंभर सुऱ्यांना धार लागत होती. ऊन उतरलं तसा बुंध्याजवळच्या मातीत गोल भोक पडलं आणि एक पिल्लू बाहेर आलं. ते लोखंडी पायापाशी गेलं, वीतभर चढलं आणि घसरून पडलं. पुन्हा चढलं, पुन्हा पडलं. मी हात पुढं केला आणि मागं घेतला. मोजणाऱ्यानं मध्ये पडावं की नाही ते मला ठरवता येईना.

मावशींनी ठरवलं. त्यांनी लिंबाची एक वाळकी काठी उचलून लोखंडाला तिरकी टेकवली.

“चढ बाबा,” त्या पिल्लाला म्हणाल्या. “हिला मोजायचंय.”